ट्युब्युलर लॉक पिकिंग: छंद म्हणून शिकायचंय तर सुरुवात इथून करा

गोल तोंडाची, नळीसारखी चावी लागते ते कुलूप, म्हणजे ट्युब्युलर लॉक, तुम्ही नक्की पाहिलं असणार. वेंडिंग मशीनवर असतं, लॅपटॉपच्या केबलला असतं, अलार्मच्या डब्यावर, जुन्या आर्केड गेमवर, आणि आयबीएमचा १९८४ चा पीसी एटी आठवत असेल तर त्याच्या पुढच्या बाजूलाही हेच होतं. साधी कुलपं चावीशिवाय उघडायला, म्हणजे पिक करायला, शिकलेला माणूस कधी ना कधी याच्याकडे वळतोच, आणि मग गोंधळ सुरू होतो. व्हिडिओत बघावं तर कुणीतरी एक जाडजूड टूल खुपसतो, दोनदा हलवतो, कुलूप उघडतं, टाळ्या. आपण तेच टूल मागवतो, हलवत बसतो आणि काही म्हणजे काही होत नाही, कारण आत काय चाललंय हेच कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून हा लेख जरा उलट्या क्रमाने आहे. तयार टूल शेवटी येईल. आधी एकेक पिन हाताने, मग टूल. घाई असेल तरी क्रम मोडू नका, पुढे वाचलंत की कळेल का ते.

१. आधी दोन नियम, यात सूट नाही

पहिला, जे कुलूप तुमचं स्वतःचं नाही त्याला हात लावायचा नाही, किंवा मालकाने स्पष्ट हो म्हटलेलं असलं पाहिजे. दुसरा, जे कुलूप वापरात आहे ते स्वतःचं असलं तरी सरावाला घ्यायचं नाही. जगभरातले लॉकस्पोर्टवाले, म्हणजे छंद म्हणून कुलपं पिक करणारे, हे दोन नियम पाळतात.

दुसरा नियम ऐकून बरेच जण म्हणतात की माझंच कुलूप आहे, मी काहीही करेन. करा की. पण ट्युब्युलर लॉकच्या बाबतीत हा नियम नुसता सभ्यपणाचा नाहीये, हे कुलूप अर्धवट फिरून अशा जागी अडकतं की मग त्याची खरी चावीसुद्धा आत जात नाही. सहाव्या मुद्द्यात सविस्तर सांगतो.

आणि कायद्याचं बघून घ्या. पिकिंगची टूल्स जवळ बाळगण्याबद्दल प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत. जपानमध्ये २००३ च्या कायद्याप्रमाणे योग्य कारणाशिवाय अशी टूल्स बाळगणं हाच गुन्हा आहे, काही ठिकाणी बाळगायला हरकत नाही पण वाईट हेतू दिसला तर पकडतात. तुम्ही जिथे राहता तिथलं आधी वाचा, मग ऑर्डर द्या. टूल्स घरी टेबलाच्या खणात ठेवायची, खिशात घालून हिंडायचं नाही.

२. आत असतं तरी काय

साध्या पिन टम्बलर कुलपात पिना एका ओळीत असतात आणि चावीचे दाते त्यांना वर ढकलतात. इथे तीच ओळ वाकवून गोल केलीय आणि पिना आडव्या, म्हणजे तुमच्या तोंडाकडून कुलपाच्या पोटाकडे सरकणाऱ्या बसवल्यात. कुलपाकडे समोरून बघा. मधोमध एक खाच असलेली दांडी, तिच्याभोवती गोल फट, आणि त्या फटीत पिनांची चकचकीत टोकं. बहुतेक कुलपांत सात असतात, पण सहा, आठ आणि दहा पिनांचीही मिळतात.

शिकागो लॉक कंपनीने १९३३ मध्ये हे कुलूप 'एस' नावाने आणलं, आणि अजूनही बरेच लोक कुठल्याही कंपनीच्या ट्युब्युलर लॉकला सरळ एस लॉकच म्हणतात. गोल चावी आत दाबायची ही कल्पना मात्र फार जुनी आहे. जोसेफ ब्रामाने १७८४ मध्ये पेटंट घेतलेल्या कुलपाची चावीसुद्धा टोकाला खाचा पाडलेली नळीच होती (त्यात पिना नव्हत्या, सरकत्या पट्ट्या होत्या). ते कुलूप उघडणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस लावलेलं होतं आणि १८५१ मध्ये हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने ते उघडलं तेव्हा त्याला ५१ तास लागले, तेही १६ दिवसांत विभागून. हे लक्षात ठेवा, पहिल्या दिवशी वैतागाल तेव्हा कामाला येईल.

आता मुख्य गोष्ट, इथे नीट थांबा. कुलपाच्या आत दोन भाग एकमेकांना चिकटून असतात. पुढचा भाग फिरतो, मधली दांडी त्यालाच जोडलेली असते, आणि त्याच्या भोकांत की पिना असतात, म्हणजे आपल्याला समोरून दिसतात त्या. मागचा भाग जागेवर पक्का असतो, फिरत नाही, त्याच्या भोकांत ड्रायव्हर पिना आणि त्यांच्या मागे स्प्रिंगा. या दोन भागांमधली जी सपाट रेघ, ती शिअर लाइन.

चावी नसताना स्प्रिंग ड्रायव्हरला पुढे ढकलते, तो अर्धा मागच्या भागात आणि अर्धा पुढच्या भागात राहतो, म्हणून पुढचा भाग फिरत नाही. बरोबर चावी दाबली की प्रत्येक की पिन नेमकी इतकीच आत जाते की की पिन आणि ड्रायव्हर यांचा सांधा शिअर लाइनवर येतो. सातही सांधे एका वेळी रेघेवर आले की दांडी फिरते. कमी दाबलं तर ड्रायव्हर आडवा, जास्त दाबलं तर की पिनच मागच्या भागात घुसून आडवी. कुलूप कळलं ते एवढंच, बाकी सगळा हाताचा खेळ.

३. काय काय लागेल

- सरावाचं कुलूप, सात पिनांचं, दोन्ही चाव्यांसकट. कपाटाच्या दाराला लावतात तसलं कॅम लॉक सगळ्यात सोयीचं. चावीशिवाय आलेलं जुनं कुलूप स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका, सुरुवातीला चावीच तुमचा मास्तर आहे.
- एक पारदर्शक सरावाचं ट्युब्युलर लॉक, जमलं तर. त्यातल्या पिना अगदीच ढिल्या असतात म्हणून त्याने हात तयार होत नाही, पण ड्रायव्हर कुठे अडकतोय ते डोळ्यांनी दिसतं आणि एका संध्याकाळीत कल्पना स्पष्ट होते.
- छोटा व्हाइस, जबड्यांना रबर किंवा जुनं कापड लावून. हातात धरून करायचं म्हटलं तर तिसरा हात लागतो.
- ट्युब्युलर लॉकचं टेन्शन टूल, म्हणजे मधल्या दांडीच्या खाचेत बसवून तिला पीळ द्यायचं टूल.
- एक सरळ, बारीक, टोक बोथट केलेला पिक. हूक, म्हणजे वाकड्या टोकाचा पिक, इथे लागत नाही कारण पिना समोरच आहेत, फक्त सरळ आत दाबायच्या आहेत.
- वही आणि पेन. हसू नका.
- चांगला प्रकाश, आणि चष्मा लागत असेल तर भिंग.
- कोरडं वंगण, ग्राफाइट किंवा टेफ्लॉनची पावडर. तेल नको, त्यात धूळ बसते आणि पिना चिकट होतात, मग हाताला खोटे संकेत मिळत राहतात.
- सगळ्यात शेवटी, खालच्या पायऱ्या झाल्या की, सात सुयांचा ट्युब्युलर पिक.

टूल घेताना लोक फसतात ते मापात. नळीचा व्यास वेगवेगळा असतो, बाजारात साधारणपणे ७, ७.५ आणि ७.८ मिलिमीटरचे तीन पिक एकत्र सेटमध्ये विकतात. शिवाय सात पिनांच्या कुलपात खाच आणि पिना यांची मांडणी सगळीकडे एकसारखी नसते. काहींत खाच अगदी मधोमध धरून मांडणी केलेली असते, काहींत ती डावीकडे किंवा उजवीकडे सरकवलेली असते. सेंटर मांडणीचा पिक सरकवलेल्या कुलपात जातो, बसल्यासारखा वाटतो आणि सुया पिनांच्या डोक्यावर न बसता कडेवर बसतात. मग तुम्ही रात्रभर हलवा. त्यामुळे आधी कुलूप आणा, चावीचं तोंड आणि कुलपाचं तोंड समोरासमोर ठेवून बघा, मग त्या मापाचं टूल घ्या.

४. आधी चावी नीट बघा

चावी हातात घेऊन तिचं तोंड डोळ्यांसमोर धरा. कडेवर सात खाचा दिसतील, कमीजास्त खोलीच्या. जिथे खाच खोल तिथली पिन कमी दाबली जाते, जिथे खाच उथळ तिथली पिन जास्त आत जाते. हे उलट लक्षात राहतं बऱ्याच जणांच्या, म्हणून एकदा मोठ्याने म्हणा. एस पद्धतीच्या कुलपांत खोलीच्या आठ पायऱ्या असतात आणि एका पायरीचा फरक साधारण ०.४ मिलिमीटर. म्हणजे दोन शेजारच्या पायऱ्यांत चुकलात तर ती चूक डोळ्यांना जेमतेम दिसेल.

नळीला दोन छोटे उंचवटे दिसतील, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या बाजूला. आतला दांडीच्या खाचेत बसतो आणि दांडी फिरवतो. बाहेरचा कुलपाच्या शरीरातल्या खाचेतून आत जातो आणि फिरल्यावर आतल्या कडेमागे अडकतो, त्यामुळे चावी अर्ध्या फेरीत बाहेर निघत नाही. हा बाहेरचा उंचवटा विसरू नका, सहाव्या मुद्द्यात तोच खलनायक आहे.

आता वहीत एक गोल काढा. कुलपाची खाच घड्याळातल्या बाराच्या जागी धरा आणि तिथून घड्याळाच्या दिशेने पिनांना १ ते ७ नंबर द्या. चावीवरून प्रत्येक पिनेची खोली अंदाजे लिहा: उथळ, मध्यम, खोल, एवढंच पुरे. चावीचं तोंड आणि कुलपाचं तोंड एकमेकांचे आरसे आहेत हे ध्यानात ठेवून लिहा, नाहीतर सगळे नंबर उलटे पडतील.

शेवटी चावीने कुलूप चारपाच वेळा उघडा आणि बंद करा. कुठल्या दिशेने फिरतं? बरीचशी घड्याळाच्या दिशेने, पण सगळी नाही. किती फिरतं, पाव फेरी की अर्धी? हेही वहीत.

५. एकेक पिन हाताने

कुलूप व्हाइसमध्ये तोंड तुमच्याकडे करून आवळा. टेन्शन टूल दांडीच्या खाचेत बसवा आणि आधी एक गोष्ट तपासा: टूलचा पाय कुठल्या पिनेवर टेकत तर नाहीये ना? टेकत असेल तर ती पिन तुम्ही नकळत खोल दाबून ठेवलीय आणि कुलूप जन्मात उघडणार नाही. टूल थोडं घासून बारीक करा.

आता दांडीला उघडायच्या दिशेने हलका पीळ द्या. किती हलका? बोट टूलवर नुसतं टेकवून ठेवल्यासारखा. नवखा माणूस शंभरात नव्वद वेळा जास्तच पीळ देतो, सगळ्या पिना एकदम जाम होतात, आणि त्याला वाटतं कुलूपच खराब आहे.

पिकच्या टोकाने १ नंबरपासून प्रत्येक पिन हळूच आत दाबून सोडा. पूर्ण दाबायची नाही, नुसतं बोलतं करायचं. हाताला चार प्रकारची उत्तरं मिळतात आणि ती ओळखायला येणं म्हणजेच हे शिकणं:

स्प्रिंगी पिन सहज आत जाते आणि लगेच परत येते. तिचं काम अजून नाही, सोडून द्या.

ताठ पिन दाबायला जड लागते, घासत जाते. हीच पकडलेली पिन. भोकं पाडताना कारखान्यात केसभर इकडेतिकडे होतंच, त्यामुळे पीळ दिला की सातही ड्रायव्हर एकाच वेळी अडत नाहीत, एखादाच आधी अडतो. त्याच्यावरच काम करायचं.

ढिली पिन म्हणजे पिक लावला की खुळखुळते, मागे स्प्रिंगचा जोर जाणवतच नाही. अभिनंदन, ही बसली. ड्रायव्हर शिअर लाइनच्या पलीकडे अडकून राहिलाय आणि की पिन एकटी मोकळी आहे.

आणि मेलेली पिन, जी बाकीच्यांपेक्षा जास्त आत गेलीय, ताठ आहे आणि परत येतच नाही. ही जास्त दाबली गेली, की पिनच रेघेपलीकडे घुसली.

तर ताठ पिन सापडली की तिला सावकाश, अगदी सावकाश दाबत जा. एका क्षणी बारीक टक् होतं आणि दांडी केसभर फिरल्यासारखी वाटते. आवाजापेक्षा टेन्शनच्या बोटाकडे लक्ष ठेवा, खरी बातमी तिथे येते. तिथेच थांबा! पिकवर अजून अर्धा मिलिमीटर जोर गेला तर एक पायरी ओलांडून गेलात. मग पुन्हा एक फेरी, पुढची ताठ पिन शोधा, बसवा, पुन्हा फेरी. कुठली पिन कितव्या नंबरला ताठ झाली तो क्रम वहीत लिहीत जा.

मेलेली पिन झाली तर पीळ थोडा सैल करा, जेमतेम. कधी कधी तेवढीच पिन परत येते आणि बाकीच्या राहतात. नाहीतर सगळं सोडा, टकटकटक करत सगळ्या बाहेर येतील, पुन्हा सुरुवात. त्या टकटकीत किती पिना बसलेल्या होत्या ते मोजता येतं, त्यामुळे सोडायचंच असेल तर सावकाश सोडा आणि कान द्या.

सातही पिना एकदम जड जात असतील तर पारदर्शक कुलपात तीन-चार पिना ठेवून बाकीच्या काढून करा. कॅम लॉकच्या पिना काढणं नवख्याने नादी लागू नये असं काम आहे, मागचा भाग बाजूच्या छोट्या पिनेने शरीरात पक्का केलेला असतो आणि ती ड्रिल करून काढावी लागते, त्यात सात स्प्रिंगा खोलीभर उडतात.

६. उघडलं... नाही, उघडलं नाही

सातवी पिन बसली, दांडी मस्त फिरली, तुम्ही खूश, आणि थोडं फिरून खट् करून पुन्हा अडकलं. इथे नव्वद टक्के लोक टूल फेकून देतात.

झालं काय तर पुढचा भाग फिरला, त्यातल्या की पिना पुढच्या जागी गेल्या, आणि तिथे मागच्या भागातले शेजारचे ड्रायव्हर त्यांची वाटच बघत होते. साध्या कुलपात ओळ एकच असते त्यामुळे एकदा सुटलं की सुटलं. इथे गोल आहे. सात पिना समान अंतरावर असतील तर दर ५१ अंशांवर प्रत्येक भोकासमोर नवं भोक येतं आणि कुलूप पुन्हा बंद. पाव फेरीचं कॅम लॉक असेल तर मध्ये एकदा, अर्ध्या फेरीचं असेल तर मध्ये तीनदा सगळं पुन्हा पिक करायचं. चावी फिरताना हे होत नाही कारण ती की पिनांना पूर्ण फेरीभर दाबून धरते.

आणि इथेच तो खलनायक. कुलूप मधल्या जागी अडकलं की दांडीची खाच आणि शरीराची खाच समोरासमोर राहत नाहीत. चावीचे उंचवटे दोन्ही खाचांत एकदम बसू शकत नाहीत, त्यामुळे चावी आत जाणारच नाही. म्हणजे ते कुलूप आता पिक करूनच पुढे न्यायचं किंवा पिक करूनच मागे आणायचं, तिसरा रस्ता नाही. ज्या कपाटात पासपोर्ट आहे त्याच्यावर सराव का करायचा नाही ते कळलं असेल.

आता वहीचा फायदा बघा. पिन किती आत गेल्यावर बसते हे तिच्या स्वतःच्या लांबीवर ठरतं, आणि की पिना त्यांच्या त्यांच्या भोकातच राहून दांडीबरोबर फिरल्या आहेत. म्हणजे दुसऱ्या फेरीत ३ नंबरची पिन पहिल्या फेरीइतकीच आत जाणार. पण ताठ होण्याचा क्रम बदलू शकतो, कारण तो भोकांच्या जोडीवर अवलंबून असतो आणि जोड्या बदलल्यात. खोली तीच, क्रम नवा. हे माहीत असलं की दुसरी आणि तिसरी फेरी भराभर होते. नंबर मात्र आता दांडीच्या खाचेपासून मोजायचे, शरीराच्या खाचेपासून नाही.

परत आणताना पीळ उलट्या दिशेने द्यायचा, बाकी सगळं तेच. सराव संपवताना कुलूप नेहमी मूळ जागी आणून चावी घालून बघा, मगच उठा.

७. आता तो सात सुयांचा पिक

इथपर्यंत आलात तर हे टूल तुम्हाला एकदम समजेल. नळीच्या भोवती सात सुया, प्रत्येक मागेपुढे सरकणारी, आणि त्यांना दाबून धरणारी रबराची रिंग किंवा आवळता येणारी कॉलर. म्हणजे खाचा कमीजास्त करता येणारी चावीच ती.

सुरुवातीला पिकचं तोंड सपाट टेबलावर दाबून सगळ्या सुया टोकाशी समपातळीत आणा. कॉलर अशी आवळा की नखाने ढकलली तर सुई सरकेल पण आपोआप ढळणार नाही. पिक कुलपात पूर्ण तळापर्यंत बसवा. आता सगळ्याच पिना गरजेपेक्षा जास्त दाबल्या गेल्यात, आणि ते बरोबर आहे.

मग हलका पीळ देत, पीळ थोडा सोडत, पिक अगदी बारीक आतबाहेर आणि डावीउजवीकडे डुलवायचा. होतं असं की स्प्रिंगचा जोर पिनेला आणि पिन सुईला मागे ढकलत येते. ज्या क्षणी सांधा शिअर लाइनवर येतो त्या क्षणी पिळामुळे ड्रायव्हर कडेला अडकतो, पुढे येऊ शकत नाही. स्प्रिंगचा जोर तिथेच तुटला, सुईला ढकलणारं कुणी राहिलं नाही, ती तिथेच थांबली. एकेक करून सातही सुया आपापल्या जागी थांबतात आणि दांडी फिरते. सुया पिनांना धरून असतात त्यामुळे इथे मध्ये पुन्हा बंद होण्याची भानगड नाही.

आता सांगा, हे न कळता नुसतं हलवून कसं जमणार? सगळं गणित कॉलरच्या आवळण्यात आहे. जास्त आवळली तर स्प्रिंगा सुयांना हलवूच शकत नाहीत, पिक काढून बघितलात तर सुया होत्या तिथेच. सैल ठेवली तर सांधा रेघेवर थांबायच्या आत सुया भसकन मागे जातात, सगळ्या एका पातळीत मागे गेलेल्या दिसतात. पिक बाहेर काढून सुयांकडे बघायची सवय लावा, काय चुकतंय ते तोंडावर लिहिलेलं असतं. अर्ध्या सुया हलल्यात आणि अर्ध्या नाहीत असं दिसलं तर तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात, किंचित सैल करा आणि बहुतेक पुढच्या एकदोन प्रयत्नांत होईल.

२००४ मध्ये सायकलच्या यू आकाराच्या कुलपांचा जो बोभाटा झाला तो याच तत्त्वाचा. साध्या बॉलपेनची प्लॅस्टिकची नळी कुलपात दाबून डुलवली की पिना त्या मऊ प्लॅस्टिकमध्ये स्वतःचे ठसे उमटवत आणि कुलूप उघडत असे. क्रिप्टोनाइट कंपनीला तेव्हा आपली तशी कुलपं बदलून द्यावी लागली. पण बनवणारेही शहाणे आहेत. काही कुलपांत एखाददुसरी स्प्रिंग मुद्दाम जास्त कडक टाकतात, म्हणजे एकाच आवळणीत सगळ्या सुया नीट चालत नाहीत, काहींत ड्रायव्हरला मध्ये कंबर काढलेली असते, ती रेघेवर अडकून खोटी टक् देते. अशा कुलपात हा पिक नुसता रुसून बसतो आणि पाचव्या मुद्द्यातली हाताची कला लागते. माझ्या मते ज्याला फक्त हे टूल येतं त्याला ट्युब्युलर लॉक येत नाही, त्याला एक टूल येतं.

८. उघडल्यावर: खोली वाचणं आणि चावी

कुलूप उघडलं की सुया ज्या जागी आहेत तीच चावी. फिरवून मूळ जागी आणा, कॉलर घट्ट आवळा, पिक सरळ बाहेर ओढा, तिरका झाला की सुया हलतात. बऱ्याच पिकबरोबर खोली मोजायची पट्टी येते, तिच्यावर प्रत्येक सुई लावून पायरीचा आकडा वाचा आणि १ ते ७ क्रमाने लिहा. मग तुमच्याकडच्या खऱ्या चावीशी ताडून बघा. एखादा आकडा एका पायरीने चुकलेला असणं अगदी नेहमीचं आहे, कारण कुलपात थोडी ढिलाई असते आणि पिक तेवढ्यात भागवून घेतो.

चावी कापणारी मशीन घरी घेऊ नका एवढ्यात. आकडे बरोबर येत असतील तर कुलूपवाल्याकडून त्या आकड्यांची चावी कापून घेता येते, अर्थात कुलूप सोबत न्या, तो विचारणारच आणि विचारलंच पाहिजे.

९. अडलं तर

सगळ्या पिना ताठ लागतायत: पीळ कमी करा. अजून ताठ? अजून कमी.

एकही पिन ताठ लागत नाही: टेन्शन टूल खाचेत घसरतंय किंवा शरीराच्या कडेला टेकलंय, पीळ दांडीपर्यंत पोचतच नाहीये. किंवा उलट्या दिशेने देताय.

सहा बसतात, सातवी बसत नाही: बहुतेक आधीच्या सहांतली एक जास्त दाबली गेलीय आणि तीच सगळं धरून बसलीय. सातवीवर जोर काढू नका, आधीच्या सहा पुन्हा तपासा, मेलेली शोधा.

काल जमलं, आज जमत नाही: क्रम वहीतून बघून करू नका, हातानेच शोधा. पिळाच्या जोराने क्रम थोडा बदलतो, वही फक्त खोलीसाठी.

पिकची सुई वाकली: बदला, सरळ करून वापरू नका, ती परत वाकणार आणि कधीतरी आतच तुटणार. तुटकी सुई फटीत अडकली की कुलूप गेलं.

एक कुलूप तोंडपाठ झालं की दुसरं घ्या, वेगळ्या चावीचं, आणि या वेळी चावी न बघता करा. आकडे काढून झाल्यावरच चावी डब्यातून बाहेर काढायची. सात जमलं की आठ पिना, दहाच्या नादी मात्र लवकर लागू नका, फट तेवढीच आणि पिना दाटीवाटीने, पिक एकीवर ठेवला की शेजारणीलाही लागतो.